रँडम असं काही नसतं, बॉस!

‘रँडम’ हा आपल्या पिढीचा एकदम लाडका शब्द. रँडम प्लॅन, रँडम मूड, रँडम मेसेज. कारण सांगायचा कंटाळा आला की ‘अरे यार, रँडमली झालं’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. ऑफिसात तर या शब्दाचा भाव आणखीच वधारलेला. प्रिंटर रँडमली अडकतो, एक्सेल रँडमली बंद पडतं, बॉस रँडमली भडकतो! पण दोस्तहो, ज्यांचं पोटपाणी कम्प्युटरवर चालतं त्यांना हा शब्द परवडत नाही. कारण एकदा का ‘रँडम’ म्हटलं की कारण शोधणं थांबतं आणि माणूस शोधणं सुरू होतं. शुद्ध मराठीत त्याला बळीचा बकरा म्हणतात.

या वेळची गोष्ट अशाच एका होऊ घातलेल्या बकऱ्याची.

माझा आतेभाऊ पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच त्याला ताप नको. पठ्ठ्या बसतो मात्र जाफराबादला. हो, जालना जिल्ह्यातलं जाफराबाद. तालुक्याचं गाव, पलीकडे लगेच विदर्भाची हद्द, बुलडाणा जिल्हा. वडिलांचं हार्टचं ऑपरेशन झालं, घरी आई एकटी, म्हणून यानं साहेबांकडून घरून काम करायची परवानगी मागून घेतली. ‘बघू कसं जमतंय’ या अटीवर मिळाली. ‘बघू’ या शब्दात किती टेन्शन असतं ते नोकरी करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको!

2024च्या एप्रिलमध्ये एका लग्नासाठी मी तिकडे गेले होते. लग्नघरात सगळे हळदीच्या तयारीत, आणि हा गच्चीवर लॅपटॉप घेऊन तोंड पाडून बसलेला.

‘काय रे, काय लोचा झाला?’

‘ताई, आमच्या मशीनचा कर्नल बदलला आठ दिवसांमागं. तवापासून प्रोग्राम पडायलेत. कधी चालतेत, कधी धाडकन पडतेत. रँडम. साहेब म्हणतेत, तुझ्या गावातल्या नेटनंच घोळ केला. सोमवारपासून पुण्याला येऊन बस म्हणतेत.’

आता हा कर्नल म्हणजे लष्करातले मिशावाले साहेब नव्हेत हं! कम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा जो गाभा, तो कर्नल. मेमरी कोणाला किती द्यायची, प्रोसेसरवर कोणाचा नंबर आधी, हे सगळं तो ठरवतो. आपल्या एसटीच्या भाषेत बोलायचं तर प्रोग्राम म्हणजे प्रवासी आणि कर्नल म्हणजे कंडक्टर. आणि भावाचं ‘मशीन’ होतं व्हर्च्युअल मशीन. म्हणजे डेटा सेंटरमधल्या एका भल्या मोठ्या कम्प्युटरच्या पोटात सॉफ्टवेअरनं उभा केलेला दुसरा, स्वतंत्र कम्प्युटर. त्याला स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम, स्वतःचा कर्नल. आपल्याकडे मायक्रोसॉफ्टनं 2015मध्ये पुण्यात आणि ॲमेझॉननं 2016मध्ये मुंबईत क्लाउडची केंद्रं सुरू केली, तेव्हापासून अशी मशीन भाड्यानं घेणं म्हणजे ओला-उबर बुक करण्याइतकं सोपं झालंय. पाहिजे तेव्हा घ्या, नको तेव्हा सोडून द्या.

आता गंमत बघा. मशीन डेटा सेंटरमध्ये, म्हणजे जाफराबादपासून शेकडो किलोमीटर लांब. प्रोग्रामच्या चाचण्या आपोआप सुरू होणार रात्री दोन वाजता, जेव्हा भाऊ घोरत असणार. आणि संशय कोणावर? जाफराबादच्या नेटवर! कारण नेट जातं हे सगळ्यांना माहीत. मीटिंगमध्ये याचा आवाज दोनदा तुटलेला, ते सगळ्यांनी ऐकलेलं. जे डोळ्यांना दिसतं त्याच्यावर पहिला आळ येतो.

पण माझा भाऊ पक्का. त्यानं चिडचिड केली नाही. आधी स्वतःवरचाच आरोप तपासायला घेतला. मला हे फार आवडलं.

कारण साहेबांच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. लांबच्या मशीनवर तुम्ही एखादं काम सुरू केलं आणि मध्येच नेट गेलं, तर ते काम खरंच मरू शकतं. अपग्रेड चालू असताना असं झालं तर अर्धी पॅकेजेस नवी, अर्धी जुनी, अशी खिचडी होते. म्हणून जाणती मंडळी असं काम ‘टीमक्स’ किंवा ‘स्क्रीन’ नावाच्या प्रोग्रामच्या आत करतात. नेट गेलं तरी तिकडे काम चालू राहतं, नेट आलं की पुन्हा जोडून घ्यायचं. भावानं तसंच केलं होतं. तरीही त्यानं पॅकेज मॅनेजरची नोंदवही उघडली. अपग्रेड सुरू कधी झालं, संपलं कधी, सगळं तारीख-वेळेसकट तिथं होतं. अर्धवट काही नव्हतं. जाफराबाद निर्दोष!

दुसरा संशय मेमरीवर. मशीनची मेमरी संपली की कर्नल स्वतःच एखाद्या प्रोग्रामचा बळी घेतो आणि तशी ‘आउट ऑफ मेमरी’ची नोंद आपल्या डायरीत करून ठेवतो. भावानं डायरी चाळली. अशी एकही ओळ नाही. हाही निर्दोष.

एवढ्यात आत्या चहा घेऊन वर आली. लेकाचा उतरलेला चेहरा बघून म्हणाली, ‘आरं, हिरीवरली मोटार बी कधी चालती, कधी पडती. आपण काय करतो? व्होल्टेज बघतो, लोड बघतो, टाइम बघतो. तसं ह्याचं बघ की कवा पडतंय ते.’

म्हटलं, आत्याला सरळ आयटीत घ्यायला पाहिजे! पण भावानं हे आधीच बघितलं होतं. रात्री पडतं तसं दुपारी पडतं. लोड असताना पडतं, मशीन मोकळं असतानाही पडतं. वेळेशी काही नातं नाही. आणि तोच खरा धागा होता. बाहेरचं काहीच बदलत नसताना एकच प्रोग्राम एकदा चालतो आणि एकदा पडतो, तर दर वेळी बदलणारी गोष्ट आत कुठंतरी असणार.

इथं एक छोटंसं गणित. एखादा प्रोग्राम समजा वीस वेळांत एकदा पडतो. तुम्ही काहीतरी खटपट केली, दहा वेळा चालवून बघितला, एकदाही पडला नाही. ‘झालं दुरुस्त!’ म्हणून पार्टी करायची? थांबा. काहीही दुरुस्त न करताही दहाच्या दहा वेळा नीट चालण्याची शक्यता जवळपास 60 टक्के असते. शंभर वेळा चालवला तर मात्र ती एक टक्क्याच्याही खाली येते. थोडक्यात, रँडम दुखण्यावर औषध लागू पडलं की नाही हे दहा वेळांत कळत नाही. कित्येक ‘आमच्याकडे तर चालतंय’वाले याच 60 टक्क्यांवर जगत असतात!

तर भावानं एक लहानशी स्क्रिप्ट लिहिली आणि तीच चाचणी दोनशे वेळा लावली. नव्या कर्नलवर ती मधूनमधून पडली. मग मशीन जुन्या कर्नलवर सुरू केलं. लिनक्समध्ये हे बरं असतं, नवा कर्नल आला तरी सहसा जुनाही शिल्लक राहतो. तिथं दोनशेपैकी एकदाही पडली नाही. संशयाची सुई आता कर्नलवर.

मग त्यानं आणखी एक मस्त गोष्ट केली. कंपनीचा अख्खा प्रोग्राम बाजूला ठेवला आणि नुसतं ‘हॅलो’ छापणारा चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. तो त्याच पद्धतीनं तयार केला, नव्या कर्नलवर दोनशे वेळा चालवला. आणि तोसुद्धा पडला! म्हणजे कंपनीचा कोडही निर्दोष. उरलं काय? तयार करायची ‘पद्धत’.

आता जरा तांत्रिक, पण घाबरू नका. रात्रीच्या चाचण्यांसाठी हे प्रोग्राम ‘ॲड्रेस सॅनिटायझर’ नावाचा तपासनीस सोबत घेऊन तयार केले जात होते. गूगलच्या इंजिनिअर्सनी बनवलेलं हे एक नामी हत्यार आहे. प्रोग्राम चुकून दुसऱ्याच्या मेमरीत हात घालतोय का, यावर तो नजर ठेवतो. त्यासाठी तो प्रोग्रामच्या दर 8 बाइटमागे 1 बाइटची नोंद स्वतःजवळ ठेवतो. ही नोंदवही मांडायला त्याला मेमरीच्या पत्त्यांमध्ये एक मोठा, ठरावीक पट्टा लागतो. म्हणजे कसं, एसटी फलाटाला लागली की आपण खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतो ना? तसा हा तपासनीस ओळीनं कितीतरी बाकांवर रुमाल टाकून ठेवतो. आणि दर वेळी त्याच बाकांवर!

आणि कंडक्टर? तो प्रवाशांना मुद्दाम चिठ्ठ्या टाकून बसवतो. मस्करी नाही, खरंच. प्रोग्रामचे वेगवेगळे भाग मेमरीत दर वेळी वेगळ्याच पत्त्यावर बसवायचे, म्हणजे हल्लेखोराला कोण कुठं बसलंय याचा अंदाज येत नाही. सुरक्षेची ही युक्ती लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये 2005पासून आहे. चिठ्ठ्या किती टाकायच्या हे एका सेटिंगवर ठरतं. भावानं दोन्ही कर्नलवरचा तो आकडा उघडून बघितला. जुन्यावर 28. नव्यावर 32.

अठ्ठावीसचे बत्तीस, त्यात काय एवढं? हे बिट आहेत महाराज! 28 बिट म्हणजे सुमारे 26 कोटी 84 लाख चिठ्ठ्या. 32 बिट म्हणजे सुमारे 429 कोटी 50 लाख. सरळ सोळापट. पत्त्यांच्या हिशेबात सांगायचं तर आधी प्रवासी 1 टेराबाइटच्या पट्ट्यात कुठंतरी बसायचे, आता 16 टेराबाइटच्या पट्ट्यात कुठंही. आधीच्या चिठ्ठ्या तपासनीसाच्या रुमालापर्यंत पोचतच नव्हत्या. आता कधीतरी एखाद्या प्रवाशाची चिठ्ठी नेमकी रुमालाच्या बाकाची निघते. तो जाऊन रुमालावर बसतो, तपासनीस जागच्या जागी कोसळतो, आणि सोबत अख्खा प्रोग्राम. चिठ्ठी दुसरीकडची निघाली की सगळं सुरळीत. म्हणून कधी चालतं, कधी पडतं!

खात्री करायला त्यानं शेवटची परीक्षा घेतली. लिनक्समध्ये एखादा प्रोग्राम चिठ्ठ्या न टाकता चालवायची सोय असते. तसा चालवला. दोनशे वेळा, नव्या कर्नलवर, एकदाही पडला नाही. मग चिठ्ठ्या चालू ठेवून आकडा 32चा 28 केला. पुन्हा दोनशे वेळा. पुन्हा एकदाही नाही. खाली हळदीची गाणी रंगात आलेली आणि वर गच्चीवर आमचा नवरदेवाचा चुलतभाऊ एकटाच नाचतोय!

पडणं रँडम होतं, पण पडण्याचं कारण एकदम ठाम होतं. 28 आणि 32. बस्स.

बरं, हे काही एकट्या त्याच्याच नशिबी आलं नव्हतं. त्याच्या महिनाभर आधी, मार्च 2024मध्ये, गिटहबच्या चाचण्या चालवणाऱ्या व्हर्च्युअल मशीनवर उबुंटू 22.04चा कर्नल 6.5वर गेला आणि जगभरातल्या डेव्हलपर्सच्या चाचण्या नेमक्या याच कारणानं पडायला लागल्या. तात्पुरता उपाय तोच, 32चे 28. कायमचा उपाय म्हणजे तपासनीसाचीच नवी आवृत्ती. रुमालावर कोणी बसलेलं दिसलं तर प्रोग्राम चिठ्ठ्या न टाकता पुन्हा सुरू करायचा, अशी समज त्याला दिली गेली. भावानंही साहेबांना हेच सुचवलं. 28 फक्त चाचणीच्या मशीनवर, तेही नवा कंपायलर बसवेपर्यंत. ग्राहकांच्या मशीनवर 32च राहू द्यायचे, कारण ती सुरक्षा आहे. दुखणं गेलं म्हणून कुलूपच काढून टाकायचं नसतं.

मग दोष कोणाचा? इथं खरी मजा आहे. 2017च्या जूनमध्ये क्वालिस या कंपनीनं (हिचं मोठं ऑफिस आपल्या पुण्यातही आहे) ‘स्टॅक क्लॅश’ नावाची एक गंभीर त्रुटी जाहीर केली. ती बुजवायला कर्नलवाल्यांनी प्रोग्रामच्या स्टॅकभोवतीची मोकळी जागा 4 किलोबाइटवरून एकदम 1 मेगाबाइट केली. त्या पॅचनंतर जावावर चालणारे काही प्रोग्राम पडायला लागले आणि पॅचलाच पॅच लावावा लागला. याउलट 2019मध्ये गो या भाषेतले प्रोग्राम लिनक्स 5.2 आणि त्यापुढच्या कर्नलवर वाटेल तसे पडू लागले. सुरुवातीला वाटावं की गोमध्येच बग आहे. पण त्या मंडळींनी कर्नलमधले बदल अर्धे-अर्धे करत शोधले आणि चोर कर्नलमध्येच सापडला. तो प्रोसेसरची काही रजिस्टर्स मधूनच बिघडवत होता, आणि तेही कर्नल जीसीसी 9 या कंपायलरनं बनवला असेल तरच! 5.3.15 आणि 5.4.2 या आवृत्त्यांमध्ये तो दुरुस्त झाला.

म्हणजे कधी कंडक्टर चुकतो, कधी रुमालवाला. नाव आधी ठरवून टाकलं की दोन्ही सापडत नाहीत.

अर्धे-अर्धे करण्याचा फंडा तर प्रत्येकानं शिकावा असा आहे. हजार बदल झालेत आणि त्यातला एक खोडकर आहे. मधोमध थांबून तपासा. तिथं दुखणं असेल तर पहिले पाचशे, नसेल तर पुढचे पाचशे. मग अडीचशे, मग सव्वाशे... दहा चाचण्यांत नेमका एक बदल हातात! फक्त दुखणं रँडम असेल तर प्रत्येक चाचणी शेकडो वेळा चालवायची, वरचं 60 टक्क्यांचं गणित आठवून.

कर्नलच्या पातळीवर काही बिघडलं तर काय होतं याचा ट्रेलर आपण सगळ्यांनी 19 जुलै 2024ला बघितलाच. तो कर्नलचा अपग्रेड नव्हता. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरला आलेली एक लहानशी फाइल होती, पण ते सॉफ्टवेअर विंडोजच्या कर्नलच्या आत बसून काम करणारं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख मशीन आडवी झाली आणि आपल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. तो क्रॅश रँडम नव्हता, सरसकट होता, म्हणून कारण काही तासांत कळलं. खरा छळ करतं ते मधूनच चालणारं, मधूनच पडणारं मशीन. कारण ते प्रत्येकाला आपापली थिअरी मांडायला पुरेसा वेळ देतं!

तर मंडळी, तुमच्या टीममध्येही कर्नल बदलला आणि प्रोग्राम वाटेल तसे पडायला लागले, तर हे करा. अपग्रेडच्या आधी व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट घेऊन ठेवा, ती तर याची सगळ्यात मोठी सोय आहे. काय-काय बदललं याची यादी करा. कर्नलसोबत कंपायलर आणि लायब्ररीही बदलल्या असतील तर ते वेगवेगळं लिहा. कर्नलची डायरी वाचा. जुन्या कर्नलवर जाऊन तीच चाचणी तितक्याच वेळा चालवा. प्रोग्राम लहान-लहान करत न्या, अगदी ‘हॅलो’पर्यंत. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या आणि दुखणं गेलं, तर कोणामुळे गेलं ते देवालाही सांगता येणार नाही.

आणि हो, हे सगळं लिहून ठेवा. भावानं साहेबांना पाठवलेल्या मेलमध्ये ‘माझ्या नेटचा दोष नाही’ असं एक वाक्यही नव्हतं. चार ओळींचं कोष्टक होतं फक्त. जुना कर्नल, नवा कर्नल, चिठ्ठ्या बंद, आकडा 28. प्रत्येकापुढे दोनशेपैकी किती वेळा पडला तो आकडा. तीन ओळींत शून्य होतं, नव्या कर्नलच्या ओळीत नव्हतं. तेवढ्यावर वाद मिटला. रविवारी रात्री साहेबांचं उत्तर आलं, ‘ओके. गुड कॅच. 28 करून टाक.’ सोमवारी पुण्याला यायचं काय, याबद्दल अवाक्षर नाही. त्यानंही विचारलं नाही! मंगळवारी तो वडिलांना तपासणीसाठी जालन्याला घेऊन गेला, ठरल्याप्रमाणे.

अर्थात माणसांच्या डोक्यातला कर्नल असा एका मेलनं अपग्रेड होत नाही. अजूनही मीटिंग सुरू झाली की पहिला प्रश्न त्यालाच येतो, ‘काय रे, आज नेट बरंय ना तुझ्या गावात?’ तो शांतपणे ‘हो सर’ म्हणतो. मीटिंगमध्ये आवाज मात्र हल्ली हिंजवडीवाल्यांचाच तुटतो म्हणे.

रँडमली!